जामीनदाराचं सिबिल

गेल्या वर्षी गृहकर्जाचा अर्ज परत आला. कारण एका ओळीचं होतं: क्रेडिट ब्युरोच्या नोंदी समाधानकारक नाहीत. क्रेडिट ब्युरो म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याच्या नोंदी ठेवणारी कंपनी. मी पगारदार माणूस. एक क्रेडिट कार्ड आहे, त्याचं बिल मुदतीत भरलं जातं. दुचाकीचं कर्ज होतं, ते कधीच फिटलं. त्यामुळे पहिल्यांदा वाटलं ते हेच, की सारख्या नावाच्या दुसऱ्या कुणाची तरी थकबाकी माझ्या गळ्यात पडली आहे. कर्ज विभागातल्या मॅडमना विचारलं तर त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "सर, एक खातं राइट-ऑफ दिसतंय. डिटेल्स तुम्ही स्वतःच काढा." राइट-ऑफ म्हणजे वसूल होणार नाही असं धरून बँकेने वहीतून काढून टाकलेलं कर्ज. खरं म्हणजे २००५ च्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपनी कायद्यानुसार अर्जदाराने मागितलं तर त्या माहितीची प्रत बँकेने द्यायची असते, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी कळलं असतं तरी मी वाद घातला नसता. रीसेल फ्लॅटचं साठेखत झालेलं, दोन लाखांचा इसार गेलेला आणि साठेखतातली मुदत डोक्यावर, अशा वेळी माणूस कायद्याची कलमं काढत बसत नाही.

रिपोर्ट काढणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. भारतात चार ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २०१७ पासून प्रत्येकाने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सिबिलच्या साइटवर फुकटाची लिंक शोधताना सशुल्क योजनांच्या दोन-तीन पाट्या ओलांडाव्या लागतात, एवढंच. मी चारही रिपोर्ट काढले आणि हे बरं केलं, कारण चौघांचं चित्र एकसारखं नव्हतं. दोन ठिकाणी ते खातं राइट-ऑफ होतं, तिसरीकडे नुसतं थकीत होतं आणि चौथ्याकडे त्याचा पत्ताच नव्हता. सिबिलचा स्कोअर ६४१. हा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये मोजतात.

रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्याचा एक चौकोन असतो. माझ्या कार्डाच्या चौकोनात महिन्यांखाली शून्य-शून्य-शून्य अशी रांग होती. डीपीडी, म्हणजे देय तारीख उलटून किती दिवस झाले, त्याचा तो आकडा. शून्य असेल तर सगळं वेळेवर. त्याच्याखालचा चौकोन मात्र भरलेला होता. व्यावसायिक वाहन कर्ज, उघडल्याची तारीख २०१६ ची, बंद झाल्याची तारीख कोरी, थकबाकी ११,८४६ रुपये आणि महिन्यागणिक चढत गेलेले तीन आकडी डीपीडी. मी टेम्पो कधी घेतला, असं म्हणत खाली गेलो तर मालकीच्या रकान्यात शब्द होता: गॅरंटर, म्हणजे जामीनदार.

तेव्हा आठवलं. आमच्या ऑफिसातले नाना. मुलाला मालवाहू टेम्पो घेऊन देण्यासाठी त्यांनी एका नागरी सहकारी बँकेतून कर्ज काढलं होतं. सहकारी बँकेला दोन जामीनदार लागतात आणि ते शेजारच्या टेबलावरच मिळतात. मी आणि आणखी एका सहकाऱ्याने सह्या केल्या होत्या. नानांनी पाच वर्षांत एक हप्ता चुकवल्याचं ऐकिवात नव्हतं. पुढे ती बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली, नाना निवृत्त होऊन गावी गेले आणि ते कर्ज मी विसरून गेलो. फिटलेलं कर्ज लक्षात तरी कशाला ठेवायचं?

नानांना फोन करताना जीभ जड झाली होती. तुमचं कर्ज थकलंय असं त्या माणसाला विचारायचं म्हणजे काय! मी जरा आडवळणाने सुरुवात केली. ते मध्येच म्हणाले, "अरे, सरळ बोल. टेम्पोचं काय?" सांगितल्यावर काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तू ये इकडे. माझ्याकडे सगळं आहे."

आणि खरंच सगळं होतं. एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये साठ हप्त्यांच्या पावत्या, वर्षावर्षाने रबर लावलेल्या. काही रबर इतके जुने की हात लावताच तुटले. सगळ्यात शेवटची पावती चेक भरल्याची, ८,९२० रुपयांची. तिच्यावर बँकेचा गोल शिक्का, तारीख, कॅशियरची सही आणि कोपऱ्यात निळ्या शाईने लिहिलेलं 'कर्ज पूर्ण फेड'. चेक दुसऱ्या बँकेतल्या बचत खात्यावरचा होता. ते पासबुकही नानांनी जपलं होतं आणि त्यात तीन दिवसांनी तेवढीच रक्कम, त्याच चेक नंबरने वजा झालेली होती. पैसे नानांच्या खात्यातून गेले होते यात शंकाच नव्हती. कर्जखात्यात ते पोचले नव्हते.

बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचं बँकेचं पत्र, तेवढा नव्हता. नाना तो मागायला गेले तेव्हा, विलीनीकरणाचं काम चालू आहे, महिनाभराने या, असं सांगितलं गेलं. महिन्याने शाखेचा बोर्ड बदललेला आणि माणसंही. पुढे नानांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि विषय राहिला. टेम्पोच्या आरसीवर बँकेचा बोजा अजून तसाच होता. गाडी विकायची नसल्याने मुलाला त्याची अडचण आली नव्हती.

मग थकबाकीची एखादी नोटीस तरी का आली नाही? बँकेने नोटिसा पाठवल्या होत्या, पण त्या नानांच्या जुन्या भाड्याच्या घरी. माझ्या जामीन अर्जावर तर लँडलाइनचा नंबर होता. डिफॉल्टची माहिती ब्युरोला पाठवताना ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल करायचा, असं आता रिझर्व्ह बँकेने सांगितलंय, पण २०१६ च्या कागदावरच्या लँडलाइनला एसएमएस कुठून येणार!

मी आधी सिबिलच्या साइटवर ऑनलाइन तक्रार टाकली, ज्याला ते डिस्प्यूट म्हणतात. खातं निवडायचं, चुकीच्या रकान्यावर टिचकी मारायची, बरोबर माहिती लिहायची. फी नाही. तीस दिवसांत निकाल लागायला हवा, त्यातले एकवीस दिवस बँकेचे. वाटलं, पावत्या आहेत, काम झालं. मुदतीच्या आत उत्तर आलं: संबंधित सदस्य संस्थेने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे, त्यामुळे बदल नाही. बस.

आधी चिडलो, मग यातली गोम कळली. ब्युरो तुमच्या पावत्या तपासून निवाडा करत नाही. तो तुमची हरकत बँकेकडे पाठवतो आणि बँकेने सांगितलं तरच नोंद बदलतो. स्वतःच्या अधिकारात त्याला बँकेचा आकडा बदलता येत नाही. बँकेतल्या कुणीतरी संगणकात पाहिलं असणार, तिथे थकबाकी दिसली असणार, 'बरोबर' म्हणून कळवलं असणार. म्हणजे चुकीच्या वहीत बघूनच वही बरोबर असल्याचा दाखला दिला गेला. आपण 'सिबिल खराब झालं' म्हणून सिबिलला शिव्या घालतो, पण खरं भांडण असतं ते वही लिहिणाऱ्याशी.

याच सुमारास मला फोन यायला लागले. सिबिल क्लिअर करून देतो, राइट-ऑफ काढून देतो, एवढे आगाऊ, एवढे काम झाल्यावर. माझा नंबर यांना कुणी दिला, देव जाणे. हे लोक करतात काय, तर आपण फुकट करतो तीच हरकत आपल्या नावाने टाकतात. ब्युरोच्या आत कुणाचीही ओळख असली तरी उपयोग नाही, हे मी आत्ताच अनुभवलं होतं. कर्ज मिळवून देणाऱ्या एजंटाचा सल्ला वेगळा होता: "दुसऱ्या चार ठिकाणी फाइल टाकून बघू की." त्यालाही नाही म्हटलं. प्रत्येक अर्जागणिक रिपोर्टमध्ये चौकशीची एक नोंद पडते आणि थोड्या दिवसांत अशा नोंदींची रांग लागली की पुढच्या बँकेला हा माणूस दारोदार फिरतोय असं दिसतं. आपला रिपोर्ट आपण कितीदाही पाहिला तरी त्याने बिघडत नाही, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं.

मग नानांना घेऊन शाखेत गेलो. व्यवस्थापक तरुण, नुकतेच बदलून आलेले, वागायला सभ्य. पावतीवरचा कर्जखाते क्रमांक टाकला तर त्यांच्या संगणकावर काहीच येईना. विलीनीकरणात सगळे क्रमांक बदललेले. नावाने शोधल्यावर खातं सापडलं, ते वसुली विभागाकडे वर्ग झालेलं. त्यांनी वसुली अधिकाऱ्यांना फोन लावून दिला आणि पलीकडून जे उत्तर आलं तिथे बरेचजण अडकत असणार. "साहेब, अकरा-बारा हजारांचा तर प्रश्न आहे. भरून टाका, वाटल्यास थोडं कमी करू. लगेच क्लिअर करून देतो."

मोह झाला. खोटं कशाला बोलू, साठेखताची मुदत, इसाराचे दोन लाख आणि समोर अकरा हजार. गणित सोपं होतं. बायकोही म्हणाली, देऊन टाका आणि सुटा. पण यात दोन खाचा होत्या. एक, रक्कम कमी करून भरली असती तर खात्यावर 'सेटल्ड' असा शेरा बसला असता. कर्ज देणाऱ्यांच्या लेखी त्याचा अर्थ या माणसाने पूर्ण फेडलं नाही, तडजोड केली. दुसरी, पूर्ण भरली असती तरी मागच्या महिन्यांतले थकीत दिवसांचे आकडे तसेच राहिले असते. सिबिलच्या रिपोर्टात छत्तीस महिन्यांपर्यंतचा इतिहास दिसतो. पैसे भरणं म्हणजे थकबाकी होती हे मान्य करणं, आणि मग चूक दुरुस्त करा म्हणायला तोंड राहत नाही. शिवाय नाना शेजारी बसले होते. त्यांनी साठ पावत्या ज्या हाताने जपल्या त्याच हाताने तेच पैसे दुसऱ्यांदा द्यायचे? मी फोनवर सांगितलं, पैसे भरलेले आहेत, लेखी देतो.

लेखी देणं हा माझा प्रांत, सरकारी पत्रव्यवहारात आयुष्य गेलंय. अर्ज दोन केले, कर्जदार म्हणून नानांचा आणि जामीनदार म्हणून माझा. दोन्हींत गोष्ट तारीखवार आणि थोडक्यात. सोबत पावती, पासबुकाचं पान आणि ब्युरोच्या रिपोर्टची पानं. राग कुठेही नाही. मागण्या मोघम ठेवल्या नाहीत. 'नोंद दुरुस्त करावी' एवढ्याने भागत नाही. खातं चेक वटल्याच्या तारखेला बंद दाखवावं, थकबाकी व राइट-ऑफ रक्कम शून्य करावी, त्या तारखेनंतरचे सगळे डीपीडी काढावेत, ही दुरुस्ती चारही ब्युरोंना कळवावी आणि आम्हाला बेबाकी दाखला द्यावा, असं एकेक वेगळं लिहिलं. चेक वटून पैसे तुमच्या बँकेत कोणत्या खात्यात जमा झाले ते कळवावं, हा प्रश्न शेवटी टाकला. तोच नेमका बसला. एक प्रत शाखेत देऊन आवक शिक्का घेतला, क्रमांकासकट. दुसरी मुख्य कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना पोस्टाने आणि ईमेलने. आवक शिक्का मारताना कारकून म्हणाले, "याची गरज नाही हो, आम्ही करतो." गरज होती.

तीस दिवस गेले, नुसतं 'प्रक्रियेत आहे'. दरम्यान फ्लॅटच्या मालकांना भेटून साठेखताची मुदत वाढवून घेतली. त्यांनी कुरकुरत दिली, आणि पार्किंगच्या भाड्यावरची घासाघीस मला सोडावी लागली.

मुदत संपल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे गेलो. २०२१ पासून एकच एकात्मिक योजना आहे, तक्रार ऑनलाइन करता येते, वकील लागत नाही आणि पैसे पडत नाहीत. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणं आणि तीस दिवस उलटून गेलेले असणं किंवा उत्तर न पटलेलं असणं, एवढी अट. इथे तो आवक शिक्का स्कॅन करून लावला. सप्टेंबर २०२२ पासून ब्युरोसुद्धा या योजनेखाली आले आहेत, म्हणजे दोष त्यांचा असेल तर तक्रार त्यांच्याविरुद्धही होते. माझी बँकेविरुद्ध होती.

तक्रार नोंदल्यावर बँकेची भाषा बदलली. मुख्य कार्यालयातून फोन आला, एक शांत आवाजाच्या बाई होत्या. जुन्या बँकेतूनच नव्या बँकेत आलेल्या. त्यांनी चेक नंबर घेतला आणि म्हणाल्या, "त्या आठवड्यात आम्ही खाती गोठवली होती. त्या काळात आलेले पैसे सस्पेन्सला टाकले होते. मी बघते." दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, पैसे सापडले. नानांचे ८,९२० रुपये इतकी वर्षं सस्पेन्स खात्यात, म्हणजे कुणाचे ते न ठरलेले पैसे तात्पुरते ठेवतात त्या खात्यात, पडून होते, कर्जखाते क्रमांक चुकीचा टाकल्यामुळे. इकडे कर्जखात्यावर व्याज चढत चढत ११,८४६ झाले आणि एका वर्षअखेरीस अशा छोट्या खात्यांबरोबर तेही राइट-ऑफच्या यादीत गेलं. दोन्ही खाती एकाच बँकेत, आणि एकमेकांची गाठ घालून देणारं कुणी नव्हतं.

यानंतर पत्र आलं. 'तांत्रिक कारणास्तव' हा शब्द त्यात तीनदा होता. बेबाकी दाखला आला, टेम्पोवरचा बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आला. पण गृहकर्जाच्या बँकेने ते पत्र बघून मान डोलावली आणि रिपोर्टमध्ये दिसू दे म्हणाली. २०२५ पासून बँका ब्युरोंना दर पंधरवड्याला माहिती पाठवू लागल्या होत्या, महिन्याच्या पंधरा तारखेची आणि अखेरची, त्यामुळे फार थांबावं लागलं नाही. पूर्वी महिनाभर वाट बघावी लागायची.

नवा रिपोर्ट उघडला तर थकबाकी शून्य, खातं बंद, आणि डीपीडीचे जुने आकडे जसेच्या तसे! मागणी वेगवेगळी लिहून ठेवली होती म्हणून त्या बाईंना नेमकं कोणतं वाक्य राहिलं ते दाखवता आलं. पुढच्या पंधरवड्यात तेही गेले. एका ब्युरोने मात्र काही बदललं नव्हतं. तिथे बँकेचं पत्र जोडून वेगळी हरकत टाकली, या वेळी बँकेने 'दुरुस्ती मान्य' कळवलं. स्कोअर ७६८ झाला. कर्ज मंजूर झालं, आणि व्याजदर स्कोअरशी जोडलेला असल्याने तोही पहिल्या अर्जाच्या वेळी सांगितलेला मिळाला.

माझ्या बँक खात्यात एक छोटी रक्कम जमा झाली. तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. रक्कम सांगण्यासारखी नाही. पण ती मी मागितली नव्हती, लोकपालांकडची तक्रार मिटवताना बँकेनेच दिली. त्या पैशांतून नानांना फाइल घेऊन दिली, चांगल्या कव्हरची. त्यांनी जुनीच वापरतो म्हणून सांगितलं.

मग दुसऱ्या जामीनदारांची आठवण झाली. ते बदली होऊन नागपूरला गेलेत. फोन करून सांगितलं तर म्हणाले, "थांब, थांब. म्हणजे दोन वर्षांपूर्वी मुलीच्या शैक्षणिक कर्जाला मी सहअर्जदार होतो, ते नाकारलं होतं." त्यांनी तेव्हा पगार कमी पडला असेल असं धरून चाललं होतं आणि पतसोसायटीतून जास्त व्याजाने पैसे उचलले होते. रिपोर्ट काढला तर त्यांच्या नावावर ते खातं अजून राइट-ऑफच होतं. माझ्या आणि नानांच्या नोंदी दुरुस्त करताना तिसरं नाव बँकेकडून राहून गेलं होतं. माझ्या अर्जातलं नाव आणि पॅन बदलून, बँकेच्या पत्राची प्रत जोडून त्यांचा अर्ज त्याच बाईंना पाठवला. लोकपालांपर्यंत जावं लागलं नाही. सोसायटीचे हप्ते मात्र अजून दीड वर्ष चालतील.